वाचकांचे प्रश्न : देवाचे पहिले स्थान आणि मंडळीचे काम

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची आहेत, आणि पाचही जणांनी आपापल्या परिस्थितीतून जवळजवळ एकच गोष्ट विचारली आहे : देवाला जीवनात पहिले स्थान द्यायचे म्हणजे रोजच्या व्यवहारात नेमके काय करायचे? पत्रे लांब होती, म्हणून ती थोडक्यात देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम जय ख्रिस्त. मी ऐरोलीला एका कंपनीत रात्रपाळीत काम करतो. शनिवारी सकाळी घरी येतो. दुपारी तरुण संघाची सभा असते, मी संघाचा चिटणीस आहे. संध्याकाळी गायनवृंदाचा सराव, रविवारी सकाळी उपासनेत कीबोर्ड वाजवतो, नंतर शब्बाथ शाळेचा वर्ग घेतो आणि दुपारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. मेगाब्लॉक असला तर रिक्षाने जातो, पण चुकवत नाही. पत्नी म्हणते की मी घरात पाहुण्यासारखा राहतो. मला त्याचे वाईट वाटते, पण आधी देव आणि मग घर असेच मला लहानपणापासून शिकवले आहे. अडचण अशी की गेले वर्षभर मला प्रार्थना करावीशीच वाटत नाही. वाजवताना माझे लक्ष पुढच्या गीताच्या पट्टीकडे असते. एवढे सगळे देवाला देऊनही आत कोरडे का वाटते? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : बंधू, ‘एवढे सगळे देवाला देऊनही’ असे तुम्ही लिहिले आहे. तेच पत्र पुन्हा एकदा वाचा आणि शनिवार-रविवारातील कोणती घटका कोणाला गेली ते पाहा. एक दुपार तरुण संघाला गेली, संध्याकाळ गायनवृंदाला, सकाळ कीबोर्डला आणि मुलांच्या वर्गाला, आणि दुसरी दुपार प्रार्थनासभेला. ही सगळी कामे चांगली आहेत आणि ती देवाच्या नावाने होतात, ह्यात शंका नाही. परंतु देवाचे ऐकून घेण्यासाठी आणि त्याच्याशी मोकळेपणी बोलण्यासाठी त्या दोन दिवसांत एकही घटका उरलेली नाही. मंडळीचे काम म्हणजे देव नव्हे. दोन्ही इतकी जवळजवळ असतात की एकाच्या जागी दुसरे येऊन बसले तरी पुष्कळ दिवस कळत नाही.

मला स्वतःला ते कळायला सात महिने लागले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत पाळक होतो, तेथे नव्या मंदिराचे बांधकाम चालू होते आणि त्याची सगळी देखरेख मी अंगावर घेतली होती. सकाळी ठेकेदार, दुपारी देणगीदारांच्या भेटी, रात्री समितीची बैठक, असा दिवस जाई. उपदेश जुन्या टिपणांवरून होत असे आणि उपासनेतील उतारे व्यासपीठावरच्या मोठ्या पवित्र शास्त्रातून वाचले जात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ शेवटच्या आजारात असताना मी त्यांना भेटायला गेलो. ते म्हणाले, ‘पाळकसाहेब, तुमचे सध्या जे वाचन चालू असेल, तेच मला वाचून दाखवा.’ मी पिशवीतून माझे पवित्र शास्त्र काढून उघडले. खुणेचा कागद नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात होता. यरुशलेमच्या तटाचा कोणता भाग कोणी बांधला, त्याची यादी त्या अध्यायात आहे. तो कागद म्हणजे पन्नास गोणी सिमेंटची पावती होती. तिच्यावर दुकानदाराचा जांभळा शिक्का होता, शिक्क्याची शाई समोरच्या पानावर उमटली होती आणि तारीख मे महिन्याची होती. तो अध्याय मी वाचला नाही. तेविसावे स्तोत्र पाठ होते, ते म्हटले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि ‘आमेन’ म्हणाले. मी तेथून निघालो तो घरी न जाता बांधकामाच्या आवारात विटांच्या ढिगावर बसून राहिलो. देवाच्या घरासाठी मी मे महिन्यापासून राबत होतो, आणि त्या घराच्या धन्यासमोर मे महिन्यापासून एकदाही स्वस्थ बसलो नव्हतो.

म्हणूनच लूकच्या दहाव्या अध्यायातील मार्थेची गोष्ट मी आता हलक्या हाताने सांगू शकत नाही. मार्था काही वाईट करत नव्हती. तिने प्रभूला स्वतःच्या घरी घेतले होते आणि जी धावपळ चालली होती ती त्याच्याच पाहुणचारासाठी होती. तरी प्रभू म्हणाला, ‘मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस.’ त्याआधी ती काय म्हणाली तेही पाहा. बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत आहे आणि मदत करत नाही हे तिचे गाऱ्हाणे होते, पण ते तिने बहिणीजवळ केले नाही. ‘तुला ह्याची पर्वा नाही काय’ ह्या अर्थाचे ती थेट प्रभूलाच बोलली. ज्याच्यासाठी स्वयंपाक चालला होता त्याच्यावरच ती रागावली होती. सेवा आतून कोरडी पडू लागली की ती अशीच कुरकुरीतून बाहेर येते, आधी माणसांविरुद्ध आणि मग देवाविरुद्ध. पुढे योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा भोजन आहे आणि पुन्हा वाढायला मार्थाच आहे. ह्या वेळी तिच्या तोंडी एकही तक्रार नाही. चूल सोडून दे असे प्रभूने तिला कधीच सांगितले नव्हते.

आता ‘आधी देव आणि मग घर’ ह्या शिकवणुकीविषयी. देव पहिला, कुटुंब दुसरे, नोकरी तिसरी, ही यादी मीही कित्येक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली आहे. आज मी ती शिकवत नाही. यादीतला पहिला क्रमांक एकदा पार पडला की तो विषय संपतो आणि पुढचे सगळे आपल्या मर्जीने चालवायला आपण मोकळे होतो. शिवाय घराला दिलेला प्रत्येक तास देवाच्या वाट्यातून काढून दिल्यासारखा वाटू लागतो, आणि तुमच्या मनाची ओढाताण नेमकी तेथूनच सुरू झाली आहे. पौलाने कलस्सैकरांना लिहिताना (१:१८) ख्रिस्ताला प्राधान्य असावे असे म्हटले, तेव्हा त्याने ‘सर्वांमध्ये’ हा शब्द घातला. सर्वांमध्ये म्हणजे कीबोर्डवर, कंपनीच्या पाळीत आणि घरातसुद्धा. रात्रपाळी करून सकाळी तुम्ही दार उघडता आणि पत्नी चहा ठेवता ठेवता काही सांगू लागते, तेव्हा तुम्ही ते कसे ऐकता, ह्या ठिकाणीही ख्रिस्त पहिला असतो किंवा नसतो. पतीने पत्नीवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करावी (इफिस ५:२५), ही आज्ञा रविवारची उपासना आटोपल्यावर उरलेल्या वेळात पाळायची आज्ञा नव्हे.

कामे कमी केली की देव आपोआप जवळ येतो, असाही समज करून घेऊ नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला जेवढे काम अंगावर घेतले तेवढे आपल्यापैकी कोणी घेतलेले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, त्यांचे अन्न, शेती, विणकाम, शाळा, छापखाना, हे सारे त्यांच्या डोक्यावर होते. त्यातच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एवढ्या कामांच्या गर्दीतही त्या वर्षानुवर्षे वचनापुढे बसत राहिल्या.

तुम्ही काय करावे ह्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. सहा महिन्यांसाठी तरुण संघाचे चिटणीसपद आणि रविवार दुपारच्या सभा सोडा. पाळकांना आणि पंचांना प्रत्यक्ष भेटून सांगा; थोडी नाराजी होईल, ती सोसा. कीबोर्ड सोडू नका, ते देवाने दिलेले दान आहे, पण शनिवारी सरावाच्या अर्धा तास आधी एकटेच मंदिरात जा आणि कीबोर्डचे झाकण बंद ठेवून मागच्या बाकावर बसा. मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. रोज पाळीवरून आल्यावर झोपण्याआधी त्यातला एकच परिच्छेद वाचा आणि मन लागण्याची वाट पाहू नका. प्रार्थना करावीशी वाटत नाही, हेच प्रार्थनेत सांगा. स्तोत्रकर्त्यांनी ह्याहून कठीण गोष्टी देवाला ऐकवल्या आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. पूर्वी मी महिला मंडळाची चिटणीस होते, आजारी भगिनींच्या भेटी घ्यायचे, घरोघरच्या प्रार्थनांना जायचे. आता रविवारच्या उपासनेलाही महिन्यातून एकदाच जाणे होते, त्या दिवशी नणंद येऊन बसते. मध्यंतरी मंडळातील एक भगिनी सर्वांसमोर म्हणाल्या की माणसाला देवापेक्षा मोठे करू नये. ते मनाला लागून राहिले आहे. मी देवाला मागे टाकले आहे का? (एक भगिनी, कळवा)

उत्तर : ताई, नाही. तुम्ही देवाला मागे टाकलेले नाही.

ह्या बाबतीत प्रभू येशू स्वतःच बोलला आहे, तेही अत्यंत कडक शब्दांत. मार्काच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ ह्या प्रथेचा उल्लेख येतो. एखाद्याने आपली मालमत्ता देवाला अर्पण केली असे जाहीर केले की तिच्यातून आईबापांसाठी काही करण्यास त्याला मोकळीक मिळत नसे. वरून पाहता ह्याहून धार्मिक गोष्ट कोणती? म्हाताऱ्या आईला ‘तुझ्या वाट्याचे मी देवाला दिले’ असे सांगायचे. प्रभूने हे ऐकून घेतले नाही. तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता, असे त्याने शास्त्र्यांना आणि परूश्यांना सुनावले. देवाचे नाव पुढे करून घरच्या माणसाचा वाटा तोडणे म्हणजे देवाला पहिले स्थान देणे नव्हे, हे त्या दिवशीच ठरले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा’ हे मत्तय ६:३३ मधील वचन आपल्या पुष्कळ घरांत भिंतीवर असते. त्यातल्या ‘पहिल्याने’साठी जो ग्रीक शब्द आहे, तोच शब्द पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:४) वापरला आहे. विधवेला मुले किंवा नातवंडे असतील तर त्यांनी प्रथम आपल्या घरच्यांशी भक्तीने वागून वडीलधाऱ्यांचे उपकार फेडण्यास शिकावे, असे तो म्हणतो, आणि हे देवाला मान्य आहे असेही लगेच सांगतो. सासूबाईंची कूस बदलणे, त्यांचे अंग पुसणे, त्यांना चमच्याने पेज भरवणे ह्या गोष्टी त्या ‘प्रथम’मध्ये येतात.

मागे राहिलेल्या माणसांविषयी दावीदाने केलेला एक नियम आहे, तो तुम्ही जरूर वाचा (१ शमुवेल ३०). सहाशे माणसांपैकी दोनशे इतके थकले होते की त्यांना बसोर ओहळ ओलांडता आला नाही. ते सामानाजवळ राहिले आणि चारशे पुढे गेले. परतल्यावर काहींनी हरकत घेतली की जे लढायला आले नाहीत त्यांना लुटीत वाटा देऊ नये. दावीदाने ती हरकत मोडून काढली. लढाईत उतरणाऱ्याचा आणि सामान राखणाऱ्याचा वाटा सारखाच, असा इस्राएलासाठी त्याने कायमचा ठराव केला.

आपल्या ठाण्याची एक हकीकतही मला ह्याबरोबर नेहमी आठवते. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू पूर्वेकडे निघाले असता जहाजाने ठाण्याला आले आणि येथील एका ख्रिस्ती कुटुंबात उतरले. काही काळाने येथून गेलेल्या ओदोरिक नावाच्या धर्मबंधूने लिहून ठेवले आहे की त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारहाण केली आणि सकाळी ती दाद मागायला काजीकडे गेली. साक्षीदार कोण, असे विचारल्यावर तिने ह्या पाहुण्यांची नावे सांगितली. थॉमस, जेम्स आणि देमेत्रियस हे तिघे गेले. पीटर घरी सामान सांभाळायला राहिला. तेथे विश्वासाविषयी प्रश्न निघाले, त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नाही आणि त्यांना प्राण द्यावे लागले. नंतर पीटरलाही शोधून काढण्यात आले आणि त्यानेही तीच साक्ष देऊन प्राण दिला. आज त्या चौघांची नावे एकत्रच घेतली जातात. सामानाजवळ राहिला म्हणून पीटरला कोणी वेगळे काढत नाही. आणि ती एवढी मोठी साक्ष एका मार खाल्लेल्या बाईच्या तक्रारीतून, एका घरातल्या भांडणातून सुरू झाली, हेही मला फार मोलाचे वाटते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, म्हणजे दिवसभरात सात-आठ वेळा तरी तुम्ही त्यांच्या उशाशी जाता. त्यातल्या एका वेळी स्तोत्राची दोन वचने मोठ्याने म्हणा. त्यांच्या पिढीला जुनी भजने पाठ असतात. तुम्ही पहिली ओळ धरली तर ओठ हलतील, आवाज कदाचित येणार नाही. पाळकांना निरोप पाठवून प्रभुभोजन घरी देण्याची विनंती करा, तो तुमचा आणि त्यांचा दोघींचा हक्क आहे. आणि महिला मंडळाच्या भगिनींना माझे सांगणे आहे की ज्या घरात असा आजार आहे, तेथे दर रविवारी पाळीपाळीने एकीने जाऊन दोन तास बसावे, म्हणजे त्या घरची सून उपासनेला जाऊ शकेल. सर्वांसमोर बोललेल्या त्या वाक्याची भरपाई एवढ्यानेच होईल.

प्रश्न : आम्ही नेरुळला घर घेतले आहे. निम्म्याहून जास्त पगार कर्जाच्या हप्त्यात जातो. पूर्वी दशांश देत होतो, आता महिनाअखेरीस उरले तर देऊ असे ठरवतो आणि काही उरत नाही. एका सभेत वक्त्यांनी सांगितले की उसने घेऊन का होईना, पैशाचे बी पेरा, देव शंभरपट देईल. आम्ही काय करावे? (एक दांपत्य, नेरुळ)

उत्तर : उसने घेऊन देऊ नका. पेरणाऱ्याच्या ज्या दाखल्यात शंभरपट पिकाचा उल्लेख आहे, त्यात बी म्हणजे देवाचे वचन असे प्रभूने स्वतःच उलगडून सांगितले आहे (लूक ८:११). त्या बियाचे पैसे करणे हा वचनाशी केलेला खोटेपणा आहे आणि तो गरिबांना फार महाग पडतो. दान माणसाजवळ जे आहे त्यावरून मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, असे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (८:१२) स्पष्ट आहे.

मात्र ‘उरले तर देऊ’ ह्या ठरावाशीही मी सहमत नाही. सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ आणि थोडे तेल होते. तिच्या आणि मुलाच्या शेवटच्या जेवणापुरते. एलीयाने तिला सांगितले की आधी त्यातून माझ्यासाठी एक लहानशी भाकर करून आण, मग स्वतःसाठी आणि मुलासाठी कर (१ राजे १७). भाकर लहानशी सांगितली, पण आधी सांगितली. पुढे काय झाले तेही नीट वाचा. तिचे कोठार भरले नाही, ती श्रीमंत झाली नाही. पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरले नाही आणि कुपीतले तेल आटले नाही, एवढेच.

नगर, जालना, संभाजीनगर भागांतून इकडे आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना सुगीचे पहिले माप मंदिरात नेऊन ठेवणे परिचयाचे होते. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातील प्रथमफळांच्या टोपलीशी त्याचे नाते आहे. पगारदार माणसाचे पीक शेतात दिसत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो, तीच त्याची सुगी. त्याच दिवशी, हप्ता कापला जाण्याआधी, ठरलेली रक्कम पाकिटात घालून पाकीट बंद करा. सध्या ती दशांशाहून कमी असेल तर कमी असू द्या, दोघांनी मिळून ठरवा आणि पगार वाढेल तशी ती वाढवा. दशांश ही चांगली शिस्त आहे असे माझे मत आहे, परंतु पुदिना, शेप आणि जिरे ह्यांचा दशांश काटेकोरपणे देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडून देणाऱ्यांना प्रभूने काय म्हटले, ते मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात आहे. म्हणून पाकिटाबरोबर आणखी एक गोष्ट पाहा. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार तुमच्याकडे किती तारखेला होतो? मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये अशी लेवीय १९:१३ मध्ये आज्ञा आहे. त्यांचे पैसे दहा तारखेपर्यंत अडकवून पहिल्या तारखेला दान देणे देवाला रुचणार नाही.

प्रश्न : मुलाची दहावी आहे आणि शिकवणीच्या चाचण्या रविवारी सकाळीच असतात. वर्षभर त्याची उपासना बुडाली तर चालेल का? (एक आई, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : आधी तुम्ही दोघे शिकवणीच्या संचालकांना भेटून चाचणीची दुसरी वेळ मागा. बहुतेक पालक हे विचारतच नाहीत, न विचारताच होणार नाही असे धरून चालतात. तेथे खरोखर सोय नसेल तर संध्याकाळची उपासना जेथे होते तेथे संपूर्ण कुटुंबाने त्याच्याबरोबर जावे; त्याला एकट्याला पाठवू नये. अभ्यास हा भक्तीचा शत्रू नाही. दानीएल आणि त्याचे तीन सोबती तीन वर्षे खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकले आणि त्यांत सर्वांच्या पुढे गेले. पण ५२ रविवार ही थोडी गोष्ट नाही, आणि परीक्षा संपेपर्यंत देव थांबू शकतो हे मुलगा एकदा शिकला की पुढे बारावी येते, मग प्रवेशपरीक्षा, मग नोकरी. एक विनंती मात्र आहे. उपासना चुकली तर देव गुण कमी करील, अशी भीती त्याला घालू नका.

प्रश्न : सकाळी पाचला उठून डबे करते, मग ठाण्याहून वाशीला नोकरीवर जाते. गाडीत केलेली प्रार्थना देवाला चालते का? (एक भगिनी, ठाणे)

उत्तर : चालते. नहेम्या राजासमोर उभा होता, राजाने ‘तुझे मागणे काय’ असे विचारले, आणि उत्तर देण्याआधीच्या त्या क्षणात त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). डोळे मिटायलाही त्याला वेळ मिळाला नसेल. फक्त त्याआधीचा अध्यायही वाचा. किसलेव महिन्यात यरुशलेमची बातमी ऐकल्यापासून नीसान महिन्यापर्यंत चार महिने गेले होते, आणि ती बातमी ऐकून तो कितीतरी दिवस रडत, उपास करत प्रार्थना करत राहिला होता. ती क्षणभराची प्रार्थना त्या दिवसांच्या बळावर उभी होती. म्हणून आठवड्यातून एकदा तरी, सुट्टीच्या दिवशी, घरच्यांना सांगून अर्धा तास दार लावून बसा. त्या वेळात डबा, भांडी आणि फोन दुसऱ्या कोणीतरी पाहावा. हे घरातल्या पुरुषांना उद्देशूनही लिहीत आहे.

रोजच्या गाडीसाठी स्तोत्र ११९ घ्या. त्याचे २२ भाग आहेत आणि प्रत्येक भागात आठ वचने आहेत. ठाणे ते वाशी सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास आहे. घणसोलीपर्यंत एक भाग दोनदा सावकाश वाचून होतो आणि पुढे तुर्भे, सानपाड्यापर्यंत त्यातले एखादे वचन घेऊन प्रार्थना करता येते. दिवसाला एक भाग धरला तर २२ कामाच्या दिवसांत, म्हणजे साधारण महिन्याभरात, ते स्तोत्र पूर्ण होईल. मोबाइलवर वाचत असाल तर तेवढ्या वेळापुरते येणारे संदेश बंद ठेवा. गर्दीत उभे राहावे लागले तर मोबाइल काढणेही जमत नाही, म्हणून पहिला भाग, ‘आलेफ’, पाठच करून ठेवा.